चष्म्याची सबब आणि हडपसरची पाटी

प्रश्न: मी ५२ वर्षांची आहे. हडपसरहून रोज पोळ्यांच्या कामांना जाते. शाळेचे तोंड कधी पाहिले नाही. दुसरीतला नातू पुस्तक घेऊन आला की ‘चष्मा सापडत नाही’ म्हणून वेळ मारून नेते. बँकेत अंगठा देताना मान खाली जाते. मुलगा म्हणतो, आता शिकून कलेक्टर व्हायचंय का? या वयात जमेल का? (हे पत्र शेजारची कॉलेजातली मुलगी लिहून देत आहे.)

उत्तर: ताई, जमेल. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे बसू लागल्या. त्यांच्यापुढे तुम्ही तरुणच आहात.

मात्र आधी ती चष्म्याची सबब खरी करून टाका. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते आणि अक्षर नीट दिसत नसताना माणूस स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो, म्हणून पाटी घेण्याआधी डोळे तपासून घ्या.

शिकवणारी तुमच्या शेजारीच आहे. जिच्यापुढे मन मोकळे करून तुम्ही हे पत्र लिहवून घेतलेत, तिच्यापुढे अक्षर चुकले तर संकोच वाटणार नाही. घरच्यांपुढे तो वाटतो. तिला सांगा, बाराखडी घोकून घेऊ नकोस. मोठ्या माणसाला ‘क, का, कि, की’ म्हणत बसवणे मला कधीच पटलेले नाही, कारण त्यात कामाचा शब्द हाती लागायला फार उशीर होतो. तुम्ही रोज ज्या बसने घरी परतता, तिच्या पाटीवरचा ‘हडपसर’ हा शब्द घ्या. त्यात काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही, नुसती पाच अक्षरे आहेत, आणि तेवढ्यांतूनच हस, रड, पड, सर असे शब्द जुळवता येतात. मग वरण, मीठ, डाळ, पीठ असे स्वयंपाकघरातले शब्द घेत काना आणि वेलांटी शिका. ‘स्वारगेट’सारखी जोडाक्षरे सावकाश येऊ द्या. घ-ध आणि भ-म यांत गोंधळ होईल. तो पहिलीतल्या मुलांचाही होतो.

याच्या जोडीला जवळच्या महापालिकेच्या शाळेत जाऊन ‘उल्लास’ची, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चौकशी करा. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असलेल्या या केंद्राच्या कार्यक्रमात शिकवण्याचे काम स्वयंसेवक करतात, त्यामुळे तुमच्या शेजारणीलाही तिथे नाव नोंदवता येईल. शेवटी १५० गुणांची चाचणी असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. मोबाइलचे आकडे आणि पगाराचा हिशेब तुम्ही सांभाळता आहातच, तेव्हा तिसऱ्या भागाची फार धास्ती नको.

मुलाशी वाद घालू नका. नातवाला मात्र खरे सांगून टाका. दुसरीतल्या मुलाला आजीचा अभ्यास घ्यायला मिळाला तर तो खूशच होईल.

बँकेची घाई करू नका. सही दर वेळी वेगळी झाली तर पैसे काढताना अडचण येते, म्हणून हात बसेपर्यंत वहीत गिरवा, पूर्ण नाव लिहा, लफ्फेदार वळणे टाळा. ती सारखी येऊ लागली की पासबुक आणि ओळखपत्र घेऊन स्वतः शाखेत जा आणि अंगठ्याऐवजी सहीची नोंद करायची आहे, एवढेच सांगा.