ठाण्यात गुलाबांच्या मागे डेल्फिनियमची उंच निळी फुलं येतील का?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: घोडबंदर रोडला तळमजल्यावर घर, पुढे छोटं अंगण, कुंपणालगत गुलाब. त्यांच्या मागे छातीएवढी उंच निळी डेल्फिनियम हवी आहेत, पण बी पेरलं की रोपं बोटभर वाढतात आणि माना टाकतात. शिवाय पावसाळ्यात गुलाबांची पानंच राहत नाहीत.

गुलाब फुलतील, मागे निळं काही उंच उभंही राहील, पण डेल्फिनियमचा नाद सोडा. तुमच्या हाताचा दोष नाही. ती झाडं थंड डोंगराळ मुलखातली. हिवाळ्यात जमिनीखाली विसावा घ्यायचा आणि गार हवेत तुरे काढायचे, हा त्यांचा क्रम. आपल्याकडे पेरणीच्या वेळी ऑक्टोबरचा उकाडा असतो, त्यात बी नीट रुजत नाही. जे रुजतं ते दमट हवेत बुंध्याशी सडतं. त्यातूनही एखादं रोप जोर धरेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि ऊन चटके द्यायला लागतं.

डेल्फिनियमचीच एक जात, निळवंती, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गवतात पाऊस सरल्यावर फुलते. ट्रेकला जाणाऱ्यांनी ती पाहिलेली असते. पण तिला ती उंची, तो उतार, तो निचरा लागतो आणि सह्याद्रीबाहेर ती आढळत नाही. कृपा करून तिचे कंद कुणी उकरून आणू नयेत.

गुलाबाजवळ निळा रंग हवासा वाटतो याला कारणही आहे. गुलाबाकडे तो नाहीच. निळ्या छटेसाठी लागणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाब तयार करू शकत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीचं जनुक घालून असा गुलाब घडवला. २००४ साली तो जाहीर झाला, २००९ साली बाजारात आला, आणि तोही दिसायला जांभळटच. तेव्हा ‘निळ्या गुलाबाचं बी’ म्हणून ऑनलाइन जी पाकिटं विकतात त्यांवर पैसे घालवू नका. उलट हेच डेल्फिनिडिन आपल्या गोकर्णाच्या पाकळीत ठासून भरलेलं असतं, आणि गोकर्णाला ठाण्याची हवा मानवते.

म्हणून मागच्या बाजूला गोकर्णच लावा. तीन बांबू वर एकत्र बांधून पाच-सहा फुटांचं तिकाटणं करा आणि वेल त्यावर चढवा. लांबून उभा निळा खांब दिसतो. बी रात्रभर भिजवून पेरा, दुहेरी पाकळीचं मिळालं तर उत्तम. गुलाबापासून दोन-अडीच फूट अंतर ठेवा, नाहीतर वेल त्याच्या अंगावर जातो. तिकाटणं शक्यतो गुलाबांच्या उत्तरेला असू द्या. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, त्यामुळे गुलाबांवर सावली पडत नाही.

दुसरा माझा आवडता म्हणजे निळा प्लंबॅगो, आपल्या पांढऱ्या चित्रकाच्या कुळातला, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. झुडूप चार-पाच फूट होतं, फिकट आकाशी झुबके येतात. फुलाखालचा हिरवा भाग चिकट असतो, मुलं ती फुलं कानाच्या पाळीला डूल म्हणून चिकटवतात. नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे छाटायला कचरू नका. पुढच्या ओळीसाठी नर्सरीतून निळ्या साल्वियाची रोपं नोव्हेंबरमध्ये आणा. तिचे तुरे डेल्फिनियमच्या बरेच जवळ जातात, फक्त उंची दोन फुटांच्या आतच राहते. अंगणाचा एखादा कोपरा सावलीतला असेल तर तिथे दशमुळी. ही आपल्या जंगलातली. थंडीत निळे-जांभळे तुरे येतात आणि फूल जुनं होताना लालसर होतं.

आता गुलाब. माझं घर नेरूळला, अंगण भरावाचं. खणलं की मुरूम आणि विटांचे तुकडे. तुमच्याकडेही तसंच असेल तर खड्डा खोल करत बसू नका, त्यात पावसाचं पाणी साठतं. जमिनीवरच दीड फुटाचा वाफा उंचवा: लाल माती, मुरलेलं शेणखत, थोडी वाळू, मूठभर नीमपेंड. नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतो. तो तसाच लावला तर बाहेर पाणी आणि आत मुळं कोरडी. गोळा बादलीत बुडवून कडेची माती अलगद सुटू द्या, मग लावा. डोळा भरलेला, म्हणजे कलम जोडलेला सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि त्याच्या खालून येणारे फुटवे मुळापासून ओढून काढा, ते खुंटाचे, म्हणजे ज्या झाडावर कलम केलं त्याचे असतात.

पावसाळ्यात पानं गळतात ती काळ्या ठिपक्यांमुळे. ही बुरशी आहे, ओल्या पानावरच वाढते. पडलेली पानं रोज उचला, कंपोस्टमध्ये टाकू नका, बुंध्याजवळची पानं काढून हवा खेळती ठेवा. त्या महिन्यांत फुलांची अपेक्षाच धरू नये, झाड जगवायचं.

छाटणी दसऱ्याच्या सुमारास. परतीचा पाऊस रेंगाळला तर थांबा. बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या थोडं वर तिरका काप घ्या आणि कापलेलं टोक नीट पाहा. मधला गाभा तपकिरी असेल तर फांदी आतून मरत चालली आहे, म्हणून आणखी खाली, पांढरा गाभा दिसेपर्यंत कापा. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. सहा-सात आठवड्यांत फुलं येतात, म्हणजे डिसेंबरात गुलाब आणि साल्विया एकत्र. कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी ही बारीक कीड लागते, तेव्हा सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

जाती निवडताना गावठी सुगंधी गुलाबी एक तरी घ्याच, आणि आइसबर्ग. १९५८ ची ही जर्मन जात पांढरी, झुबक्याने फुलणारी, उकाडा सोसणारी. निळ्यापुढे तिच्याइतकं दुसरं काही खुलत नाही असं माझं मत.

डेल्फिनियमचं उरलेलं बी घरात असेल तर उंचावर ठेवा. बी आणि पानं दोन्ही विषारी असतात, लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरात जास्तच जपायला हवं.