ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या जुन्या मैफली पुन्हा ऐकायच्या आहेत. एकाच तारखेच्या चार-पाच टेपा सापडतात, कोणती घ्यावी?

‘साउंडबोर्डच घ्या’, म्हणजे थेट मिक्सरवरून उतरवलेली टेप, असं सांगणाऱ्याला आधी विचारा, लहान हॉलमध्ये मिक्सरपर्यंत पोचतं काय? गिटारचे ॲम्प स्वतःच हॉल भरून टाकतात, त्यामुळे मिक्सरवर ती फार उचलावी लागत नाही. मग टेपवर गळे पुढे, गिटार मागे. प्रेक्षकांतून माइक लावून केलेल्या चांगल्या टेपवर तो तोल जागेवर असतो. या टेपांना ‘कचरा’ म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आलोय, पुढेही भांडेन. ८ मे १९७७ च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मैफलीच्या साउंडबोर्ड टेपचा दाखला देऊ नका. बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन टेपसाठी वेगळं मिक्स करायच्या, म्हणून ती टेप तशी वाजते.

टेप कुठलीही असो, आधी वेग तपासा. त्यांचं ‘डार्क स्टार’ हे गाणं ‘ए’मध्ये आहे, म्हणजे पांढरी सहा. तंबोऱ्याचं ॲप सोबत लावा. सूर काळी पाचला लागला, तर टेप सुमारे ६ टक्के जोरात पळतेय. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ०.९४४ पट करा. नुसता पिच उतरवू नका, चढलेली लय तशीच राहते. सूर हळूहळू चढत गेला, तर रेकॉर्ड करताना बॅटरी उतरत होती. तिथे एकच आकडा चालत नाही, गाण्यागणिक दुरुस्ती करावी लागते.

साउंडबोर्ड आणि प्रेक्षकांतली, अशा दोन्ही टेपा मिसळायच्या तरी आधी वेग, मगच अंतर. माइक स्पीकरपासून ३० मीटरवर असेल, तर आवाज जवळपास ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो. प्रेक्षकांतली टेप तेवढी लवकर वाजेल अशी सरकवा आणि दर गाण्याला स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर पुन्हा जुळवा. दोन मशीन कधीच एका वेगाने चालत नाहीत. अंतर थोडं चुकलं की आवाज पोकळ होतो, जास्त चुकलं की ठोके दुहेरी ऐकू येतात.

वेगात एखाद्या टक्क्याचा फरक असेल, तर हात लावू नका, बँडनेच तसं जुळवलेलं असू शकतं. १९७४ च्या टेपांवर गळे पातळ वाटतील, तो टेपेचा दोष नाही. ‘वॉल ऑफ साउंड’ या बँडच्या स्पीकरांच्या प्रचंड भिंतीसाठी गायकापुढे उलट फेजमध्ये, म्हणजे दोन्हींत सारखा येणारा आवाज खोडला जाईल असे जोडलेले दोन-दोन माइक असत.

सुरुवात वेनेटा, ओरेगॉन, २७ ऑगस्ट १९७२ पासून करा. दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट तेव्हा बँडमध्ये नव्हता. एकट्या क्रॉइट्झमनचे ड्रम असल्यामुळे लेशचा बेस सुटा ऐकू येतो.