अल्गोरिदम, सिम्युलेशन आणि प्रोग्रामिंगचं शिक्षण: एकच माणूस या तिन्हींवर संशोधन कसं करतो?

तुमची मुलगी चिपळूणहून पीएचडीसाठी अर्ज करतेय. तिला आवडलेल्या मार्गदर्शकांच्या कामाची क्षेत्रं तीन: अल्गोरिदम (उत्तर काढायच्या ठरलेल्या पायऱ्या), वैज्ञानिक सिम्युलेशन (खऱ्या घटनेची संगणकावर केलेली नक्कल) आणि प्रोग्रामिंग शिकवण्याच्या पद्धती. हे 'एक ना धड भाराभर चिंध्या' तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. काळजी रास्त आहे. पण मी स्वतः याच वाटेनं गेलेय आणि आता आपल्याच जिल्ह्यात कॉलेजात शिकवते. माझ्या अनुभवात ही तिन्ही कामं एकमेकांशिवाय पुढे सरकत नाहीत. दाभोळच्या खाडीचंच उदाहरण देते, म्हणजे घरी बोलता येईल.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत तुमच्याकडे कुणाला तरी नक्की माहीत असेल: तिथीची पाऊणपट. आज चतुर्थी, तर चार पाऊण तीन, म्हणून तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पाउणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असलेल्या माणसाला कागदही लागत नाही. हा अस्सल अल्गोरिदम आहे, आणि पहिल्या वर्षाची मुलं तो चार ओळींत लिहितात.

मग मी त्यांना पूर्ण पंधरवड्याच्या भरतीच्या वेळा छापायला सांगते. पौर्णिमेला उत्तर येतं सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी! पाणी अशी उडी घेत नाही. कारण शोधताना कळतं की भरती एका तिथीला सरासरी 48 मिनिटं पुढे सरकते आणि रीत 45 धरते. तीन मिनिटांची तूट पंधरा तिथींत पाऊण तासावर जाते, आणि पक्ष बदलला की रीत पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. होडी कधी काढायची हे ठरवायला एवढी अचूकता पुरते. तोंडी हिशेबासाठी 48 ऐवजी 45 घेणाऱ्यांनी सोपेपणा आणि अचूकता यांचा सौदा विचारपूर्वक केला होता, आणि मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

पुढची पायरी सिम्युलेशनची. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य लाटेचा कालावधी 12.42 तास, सूर्यामुळे येणाऱ्या लाटेचा 12 तास. दोन्ही लाटांची बेरीज करून आलेख काढला की सुमारे 14.77 दिवसांनी पाणी पुन्हा जोरात चढताना दिसतं. म्हणजे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) या दोन लाटांच्या बेरजेतूनच उगवतात. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1870च्या दशकात हीच बेरीज चाकं आणि कप्प्या जोडून करणारं यंत्र बनवलं होतं. पडद्यावर उधाण-भांग दिसतं तेव्हा खाडीकाठची मुलं एकदम गप्प होतात. तो क्षण मला दरवर्षी हवा असतो.

आता खाडीत आत शिरू. दाभोळच्या मुखाशी भरती आली की ती चिपळूणजवळच्या गोवळकोटला कधी पोचेल? उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. सरासरी खोली 5 मीटर धरली तर वेग सेकंदाला साधारण 7 मीटर, आणि 45 किलोमीटर अंतराला जवळजवळ पावणेदोन तास. हा ढोबळ अंदाज झाला. खरी खाडी कुठे खोल, कुठे गाळानं भरलेली, म्हणून तिचे 500 मीटरचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातलं पाणी थोड्या थोड्या वेळानं मोजत पुढे जायचं. सरळसोट पद्धतीत काळाचं पाऊल एक मिनिटाचं ठेवलं तर चालतं, दोन मिनिटांचं केलं तर काही पावलांतच पाण्याची उंची हजारो मीटर येते. कारण दोन मिनिटांत लाट 840 मीटर जाते, म्हणजे एका पावलात आख्खा तुकडा ओलांडते, आणि गणिताला फक्त शेजारचा तुकडा दिसतो. एका पावलात लाटेनं तुकडा ओलांडू नये, ही अट कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी 1928 साली मांडली, इलेक्ट्रॉनिक संगणक यायच्याही आधी.

मोठं पाऊल टाकायचंच असेल तर सगळ्या तुकड्यांची समीकरणं एकदम सोडवावी लागतात. हजार तुकड्यांना सरधोपट पद्धतीनं साठ-सत्तर कोटी क्रिया लागतात. प्रत्येक तुकड्याला शेजारी दोनच आहेत याचा फायदा घेतला तर आठेक हजारांत काम होतं. अल्गोरिदमवरचं संशोधन म्हणतात ते इथे, अशा फरकात असतं.

22 जुलै 2021 ला, याच खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तुम्ही ते पाहिलंच असेल. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली तर पाणी किती चढेल, हे आधी सांगायचं असेल तर गणित पाण्याच्या आधी पूर्ण व्हायला हवं. म्हणून मला वेगवान अल्गोरिदम हा नुसता हुशारीचा विषय वाटत नाही.

राहिलं शिक्षण. येल विद्यापीठात इलियट सोलोवे यांच्या गटानं 1980च्या दशकात नवशिक्यांना एक साधं काम दिलं: पावसाच्या नोंदी वाचा, 99999 आलं की थांबा, सरासरी सांगा. बहुतेकांचं चुकलं. माझ्याही वर्गात चुकतं, पावसात वाढलेल्या मुलांचं चुकतं. एकही नोंद नसेल तर शून्यानं भागलं जाईल हे सुचत नाही, किंवा 99999 हाच पाऊस म्हणून बेरजेत जातो. शिवाय आपली मुलं 'x = x + 1' हे 'x बरोबर x अधिक 1' असं वाचतात आणि अडतात, कारण गणितात ते खोटंच आहे. 'x मध्ये x अधिक 1 ठेव' असं म्हणायला लावल्यापासून माझ्या वर्गातली बरीच अडचण सुटली. कोणत्या शब्दांनी काय समजतं, हे पद्धतशीर तपासणं हे सुद्धा संशोधनच आहे. खाडीचा प्रोग्राम चुकीचे आकडे देतो तेव्हाही शोधायचं हेच असतं: लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं आणि यंत्रानं काय केलं.

मार्गदर्शकांना भेटण्याआधी तिला एक गोष्ट करू दे. गोवळकोटच्या धक्क्यावर खुणा केलेली काठी पाण्यात रोवून एका पूर्ण भरती-ओहोटीची दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यायची. बरोबर कुणीतरी असू द्या, खाडीत मगरी आहेत. मग स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामचे आकडे त्या नोंदींशेजारी मांडायचे. ते जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, हाच प्रश्न घेऊन तिनं मार्गदर्शकांसमोर बसावं.