काटा ८०, मोबाईल ७१: जुन्या ट्रॅव्हलरचा स्पीडोमीटर बदलण्याआधी

नमस्कार. आपण लिहिले आहे की, १९९८ च्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतल्यानंतर वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाताना काटा ८० वर असताना मोबाईलवरील जीपीएस ७१ दाखवत होते, आणि काटा ४० वर असताना ३३. अंतर्गत सजावटीच्या वेळी डॅशबोर्ड उघडून मीटरमध्ये एलईडी दिवे टाकले गेले, आणि २१५/७५ आर १५ ऐवजी १९५/७५ आर १५ मापाचे (म्हणजे २१५ ऐवजी १९५ मिलिमीटर रुंदीचे, त्यामुळे उंचीलाही कमी) टायर बसवले, हेही आपण नमूद केले आहे. मीटर बदलावा का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, मीटर बदलू नये. निदान आधी तरी नाही.

आपल्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांतील स्पीडोमीटर हा ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या तत्त्वावरच चालतो. गिअरबॉक्समधून आलेली केबल मीटरच्या आत एक लोहचुंबक फिरवते, त्याच्याभोवती, पण त्याला स्पर्श न करता, अॅल्युमिनियमची एक वाटी असते, आणि फिरत्या चुंबकामुळे वाटीत निर्माण होणारे भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह) तिला चुंबकासोबत ओढू पाहतात. ही ओढ केसासारख्या बारीक स्प्रिंगने रोखलेली असते, म्हणून वाटी पूर्ण फिरत नाही, फक्त वेगाच्या प्रमाणात वळते आणि काटा हलवते. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र त्याच केबलवर दात्यांनी थेट जोडलेले असतात. तिथे चुंबकही नाही आणि स्प्रिंगही नाही. सगळे निदान या एका फरकावर उभे आहे. काटा आणि किलोमीटर दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर दोष मीटरच्या खाली, म्हणजे टायर, गिअर किंवा दुसऱ्या गाडीचा मीटर बसवला असल्यास दर किलोमीटरला केबलच्या किती फेऱ्या धरायच्या याचे प्रमाण, यांत असतो. किलोमीटर बरोबर आणि काटा चुकीचा असेल, तरच मीटरच्या पोटात शिरावे.

आता आपलेच आकडे पाहू. ३३ ला ४० आणि ७१ ला ८०, म्हणजे खरा वेग ३८ ने वाढला तेव्हा काटा ४० ने वाढला. प्रमाणातील चूक सुमारे ५ टक्के आहे. पण या ५ टक्क्यांनी ३३ चे साधारण ३५ होतील, ४० नव्हे. उरलेले ताशी सुमारे ५ किलोमीटर दोन्ही ठिकाणी सारखेच जादा आहेत. एकाच वेगावर एकच वाचन घेऊन “मीटर तेरा टक्के जास्त दाखवतो” असे म्हणणारे लोक इथेच फसतात, कारण त्यांना दोन वेगळे दोष एकच वाटतात.

५ टक्क्यांचा हिशेब टायरमध्ये सापडतो. २१५/७५ आर १५ चा बाहेरचा व्यास कागदावर ७०३.५ मिलिमीटर आणि १९५/७५ आर १५ चा ६७३.५. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेते, म्हणून मीटर सुमारे साडेचार टक्के जादा दाखवणार. बाकीच्यासाठी अडीच-तीन मिलिमीटरची झीज पुरेशी आहे. खरे सांगायचे तर मला वेगापेक्षा या टायरचीच जास्त काळजी वाटते. भरलेली टाकी, गॅस, लाकडी फर्निचर आणि माणसे मिळून गाडी चांगलीच जड होते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेला वजन पेलण्याचा निर्देशांक मूळ टायरइतका आहे का आणि तो गाडीच्या वजनाला पुरतो का, हे वजनकाट्यावर गाडी नेऊन आधी पाहावे. मूळ माप परत आणले तर हा प्रश्न आणि ५ टक्क्यांची चूक दोन्ही एकदम सुटतील.

सगळीकडे सारखी येणारी ५ किलोमीटरची चूक मात्र टायरने कधीच येत नाही. एलईडी टाकताना काटा काढून पुन्हा दांड्यावर बसवला गेला आणि तो किंचित पुढे बसला, असा माझा तर्क आहे. अनेक मीटरमध्ये काटा शून्याजवळ एका खिळ्याला टेकलेला असतो, त्यामुळे गाडी उभी असताना ही चूक दिसतच नाही. माझ्या जुन्या गाडीत नेमके हेच झाले होते आणि मी आधी नवी केबल, मग सेकंडहँड मीटर घेऊन पैसे घालवले. त्या मीटरची केबल-फेऱ्यांची संख्या वेगळी निघाली, ती कथा वेगळी.

तर्क पक्का करण्यासाठी पहाटे रस्ता मोकळा असताना मैलाच्या दगडांवरून २० किलोमीटर मोजा. चूक टायरची असेल तर आकडे २१ च्या आसपास दाखवतील. नंतर काटा एका आकड्यावर स्थिर राहील असा वेग ठेवून शेजारी बसलेल्याला ५ किलोमीटरची वेळ मोजायला सांगा. ५ किलोमीटरला ३०० सेकंद लागले तर खरा वेग ६०. जीपीएस स्थिर वेगात विश्वासार्ह असते, पण वेग वाढत-कमी होत असताना मागे राहते, हे ध्यानात ठेवावे. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी किंवा कुठेतरी मुडपलेली असते. उलट वंगण अती झाले तर ते केबलमधून वर चढून वाटीला चिकटते आणि काटा जास्त दाखवू लागतो, म्हणून मेकॅनिकला ‘भरपूर ग्रीस’ म्हणू नये. मे महिन्यात दुपारी चाचणी टाळलेली बरी, कारण तापल्यावर अॅल्युमिनियमची विद्युतरोधकता वाढून ओढ कमी होते. मीटरमध्ये त्याची भरपाई करणारा मिश्रधातूचा तुकडा असतो, पण पंचवीस वर्षांच्या मीटरवर नागपूरच्या उन्हात तेवढा भरवसा कोणी टाकावा?

एक दिलासा देतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ नुसार काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये आणि जास्तीत जास्त खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर इतका पुढे असावा. ७१ ला ही मर्यादा ८२ होते, ३३ ला ४० पूर्णांक ३. म्हणजे आपला मीटर त्या मापाने काठावर का होईना, बसतो, आणि चुकतोय तोही सुरक्षित बाजूला. उलटा धोका मोठे टायर घालणाऱ्यांना असतो: काटा ८० म्हणतो आणि गाडी त्याहून जोरात असते. डिझेलचा हिशेब मात्र फसवा ठरतो. मीटरनुसार लिटरला ११ किलोमीटर मिळत असतील, तर खरे साडेदहाच्या आसपासच आहेत.

टायर आणि काटा दुरुस्त होईपर्यंत डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवून ठेवा: खऱ्या ५० साठी काटा ५८, ६० साठी ६८, ८० साठी साधारण ८९ ते ९०. मूळ मापाचे टायर बसताच ती काढून टाका आणि दोन वेगांवर पुन्हा वाचन घ्या. दोन्ही वेळा काटा सारखाच ५ ने पुढे राहिला, तर काटा काढून नीट बसवण्याचे काम मीटर दुरुस्त करणारा अर्ध्या तासात करून देईल.