क्रूझवर बॅग फुटली, आतली पैठणी भिजली. नाशिकला परत आल्यावर भरपाई मागता येते का?

हो, मागता येते. तुमच्या बाबतीत ती मिळण्याची शक्यताही बरी आहे. फक्त एक पत्र आजच्या आज जायला हवं, म्हणून आधी त्याचंच सांगते.

तुमच्या प्रश्नातून मला कळलेली हकीकत अशी. नाशिकच्याच एका एजंटाकडून पॅकेज घेऊन तुम्ही आई-वडिलांसह बार्सिलोनाहून सुटणाऱ्या क्रूझला गेलात. शेवटच्या रात्री सांगितल्याप्रमाणे टॅग लावून बॅगा केबिनबाहेर ठेवल्या. सकाळी टर्मिनलवर एका बॅगेचा कोपरा फुटलेला आणि चाक निघालेलं दिसलं. तिथल्या माणसाला दाखवलं, त्याने मान डोलावली, कागद काही दिला नाही. विमानाची वेळ झाली म्हणून तुम्ही निघालात. घरी बॅग उघडली तर आईची पैठणी ओली, काठाचा रंग पदरावर उतरलेला. कंपनी म्हणते ही ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’, म्हणजे वापराने होणारी नेहमीची झीज, एजंट म्हणतो आम्ही फक्त बुकिंग करून देतो. परत येऊन आठवडा झालाय.

या सगळ्यात बघायचं ते एकच: बॅग फुटली तेव्हा ती कोणाच्या ताब्यात होती? केबिनमध्ये तुमच्याजवळ असलेलं सामान वेगळं आणि कर्मचाऱ्यांनी ताब्यात घेतलेलं सामान वेगळं. केबिनमधल्या सामानाचं नुकसान झालं तर कंपनीची चूक होती हे साधारणपणे प्रवाशाने दाखवायचं असतं. (जहाज आदळणं, रुतणं, आग लागणं असं काही झालं असेल तर गोष्ट वेगळी.) पण रात्री केबिनबाहेर ठेवलेली बॅग कर्मचाऱ्यांनी उचलल्यापासून टर्मिनलवर तुमच्या हातात परत येईपर्यंत कंपनीच्या ताब्यात असते. तेवढ्या वेळात ती फुटली असेल, तर आपली चूक नव्हती हे दाखवण्याचं ओझं कंपनीवर येतं. तुमची बॅग या दुसऱ्या प्रकारातली आहे, आणि तुमची बाजू मजबूत आहे ती यामुळेच.

हा नियम येतो अथेन्स करारातून. समुद्रमार्गे प्रवासी आणि त्यांचं सामान नेण्याबाबतचा हा करार १९७४ चा. २००२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती २०१४ पासून लागू झाली. युरोपीय संघाने तर हेच नियम आपल्या ३९२/२००९ या रेग्युलेशनमधून २०१२ च्या अखेरीसच लावले. सफर संघातल्या देशात सुरू होत असेल किंवा संपत असेल तर ते लागू होतात, प्रवासी कुठला आहे याने फरक पडत नाही. तुम्ही बार्सिलोनाहून निघून बार्सिलोनालाच उतरलात तरी मधलं एखादं बंदर दुसऱ्या देशातलं असलं की ती आंतरराष्ट्रीय सफर ठरते.

आता पत्राची घाई कशासाठी ते. याच करारात लेखी सूचनेची मुदत दिलेली आहे. नुकसान वरून दिसणारं असेल तर सामान परत मिळतानाच लेखी कळवायचं. वरून दिसत नसेल तर सामान मिळाल्यापासून १५ दिवसांत. फुटलेला कोपरा वरून दिसणारा होता, त्याची सूचना तिथे तोंडी झाली, लेखी झाली नाही. तेवढ्याने हक्क बुडत नाही. लेखी सूचना नसेल तर बॅग धड मिळाली असं गृहीत धरलं जातं, पण ते पुराव्याने खोडून काढता येतं. टर्मिनलवर काढलेला एखादा फोटो, मागे सामानाचा सरकता पट्टा किंवा टर्मिनलची पाटी दिसत असलेला, इथे फार कामाचा ठरेल. पैठणी मात्र बंद बॅगेत होती. तिचं नुकसान वरून दिसणारं नव्हतं, म्हणजे १५ दिवसांची मुदत अजून तुमच्या हातात आहे. आणि तुमच्या प्रकरणात खरी रक्कम पैठणीचीच आहे.

तेव्हा आजच मेल करा. बुकिंग क्रमांक, केबिन क्रमांक, बॅगेच्या टॅगचा क्रमांक, बॅग रात्री किती वाजता बाहेर ठेवली, सकाळी कुठे आणि कशा अवस्थेत मिळाली, कोणाला दाखवली, घरी उघडल्यावर काय दिसलं, हे सगळं सरळ, न रागावता लिहा. फोटो जोडा, रक्कम मागा. शेवटी एक ओळ अवश्य टाका: मागणी नाकारत असाल तर कराराच्या कोणत्या कलमाखाली, ते कलम क्रमांकासह कळवा. या एका ओळीने साचेबंद उत्तरं थांबतात, हे मी स्वतः पाहिलंय. हाच मेल एजंटालाही पाठवा, आणि त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर छापील प्रत स्पीड पोस्टाने. फोटो ज्या फोनवर काढले त्यावरून उडवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोत वेळेची मूळ नोंद राहत नाही, आणि पुढे ग्राहक आयोगापुढे गेलात तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागू शकतं.

‘वेअर अँड टेअर’ या उत्तराचं काय करायचं, ते माझ्या अनुभवातून सांगते. माझी सफर मुंबई–गोवा, देशांतर्गत, त्यामुळे तिथे अथेन्स करार नव्हता, फक्त तिकिटामागचा करार आणि ग्राहक कायदा. मुंबईला बॅलार्ड पिअरला उतरल्यावर माझी कडक कवचाची बॅग अशीच कोपऱ्यात फुटलेली मिळाली आणि कंपनीने हेच तीन शब्द पाठवले. मी बॅग नाशिकला शालिमारजवळच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी ती पालथी केली, आतलं अस्तर चेन उघडून बाजूला केलं आणि चाकाच्या घरावरून अंगठा फिरवला. म्हणाले, “ताई, वापरून गेलेल्या चाकाचं रबर आधी झिजतं. हे रबर बघा, नव्यासारखं आहे. आणि घर आतल्या बाजूला फुटलंय, रिव्हेट ओढले गेलेत. ही उंचावरून कोपऱ्यावर पडलेली बॅग आहे.” मग हेच त्यांनी आपल्या बिलबुकावर लिहिलं: ‘आघाताने फुटलेली, दुरुस्ती होणार नाही’, खाली तारीख, सही, शिक्का. ते बिल पाठवल्यावर कंपनीची भाषा बदलली. आधी पुढच्या क्रूझवर सवलत देऊ म्हणाले, मी नको म्हटलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली, एक नोटीस पाठवली, आणि वापराची घट वजा करून बॅगेची किंमत खात्यात आली.

तुम्हीही असा कागद घ्या, आणि पैठणीसाठी तर नक्कीच घ्या. आपण नाशिककर आहोत, येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, ही फार मोठी सोय आहे. साडी धुऊ नका, ड्रायक्लीनला देऊ नका, इस्त्री करू नका. सावलीत वाळवा, डाग जवळून आणि लांबून टिपा आणि जिथून घेतली त्या विणकराकडे किंवा दुकानात घेऊन जा. रंग उतरलाय तो निघेल का, जरीला पाणी लागलंय का, दुरुस्ती होणार असेल तर किती खर्च, नसेल तर अशी पैठणी आज केवढ्याला, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. मूळ बिल असेल तर उत्तम. नसेल तर बँकेची नोंद, अस्सल रेशमाचं सिल्क मार्क लेबल, लग्नात आईने ती नेसलेली असतानाचा फोटो, यातलं जे सापडेल ते. आईच्या मनात त्या साडीची जी किंमत आहे ती कोणीच भरून देणार नाही, हे मला कळतं. पण तिचा बाजारभाव मागण्यात अजिबात संकोच करू नका. ती भारी साडी आहे, ‘कपडे’ या एका शब्दात तिची बोळवण होऊ देऊ नका.

किती मिळू शकतं? ताब्यात घेतलेल्या सामानासाठी करारातली कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ३,३७५ एसडीआर आहे, केबिनमधल्या सामानासाठी २,२५० एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक. रुपयांत ३,३७५ एसडीआर म्हणजे चार लाखांच्या आसपास. ही वरची मर्यादा झाली, मिळतं ते प्रत्यक्ष नुकसानाएवढंच. उलट बाजूही सांगायला हवी. कंपनी आपल्या करारात दर प्रवाशामागे १४९ एसडीआरपर्यंतची वजावट ठेवू शकते, म्हणजे नुकसानातले पहिले साधारण अठरा हजार रुपये ती देत नाही. नुसती आठ हजारांची बॅग फुटली असती तर या वजावटीतच मागणी संपली असती. म्हणून बॅग आणि पैठणीची मागणी वेगवेगळी करू नका, एकत्रच करा. तुमच्या करारात ही वजावट आहे का, तेही तपासा. सोनं, चांदीची भांडी, दागिने, रोख रक्कम यांची जबाबदारी मात्र कंपनी घेत नाही, ते तिच्याकडे सांभाळायला म्हणून सोपवलेलं असेल तरच. बॅगेत तसं काही असेल तर ते या मागणीत मिसळू नका, बाकीची मागणीही संशयात येते.

वडिलांचा वॉकर किंवा व्हीलचेअर सोबत होती का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण त्याला काही झालं असेल तर युरोपीय रेग्युलेशनमध्ये वेगळी तरतूद आहे: दुरुस्तीचा खर्च किंवा नवीन घेण्याची किंमत.

कंपनी आता कदाचित म्हणेल की बॅग विमानात फुटली. म्हणूनच टर्मिनलवरचा फोटो, आणि विमानतळावर बॅग देताना एअरलाइनने तिच्यावर ‘आधीच खराब’ असा टॅग लावला असेल तर तो, जपून ठेवा. विमानातल्या नुकसानीला मॉन्ट्रिअल करार लागतो आणि तिथे लेखी तक्रारीची मुदत फक्त ७ दिवसांची आहे. ती बहुधा तुमच्या हातून गेली असेल, पण तुमची बॅग विमानात चढण्याआधीच फुटलेली होती, तेव्हा त्या वाटेला जायचं कारण नाही.

एवढं करूनही कोणी दाद दिली नाही तर नाशिक जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, मुंबईला किंवा परदेशात जायची गरज नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षांची आहे. अथेन्स करारातही दावा लावायची मुदत दोनच वर्षं, उतरल्याच्या दिवसापासून. तिकिटामागे बारीक अक्षरात परदेशातल्या एखाद्या कोर्टाचं नाव असेल, त्याने घाबरू नका. ग्राहक कायद्याचा उपाय हा इतर कायद्यांशिवायचा, जादाचा उपाय आहे, हे त्या कायद्यातच लिहिलंय.

तक्रारीत कंपनी आणि एजंट दोघांनाही सामनेवाले करा. परदेशी कंपनीला नोटीस पोहोचवायला वेळ लागतो, एजंट तर शहरातच आहे. “आम्ही फक्त बुकिंग करून देतो” या त्याच्या म्हणण्यावर एक चांगला उतारा आहे: त्याचं बिल काढून बघा. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला आयकर कायद्याखाली टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, घ्यावा लागतो. बिलावर तो लावलेला असेल आणि आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक करविवरणात (२६एएस) एजंटाच्या नावाने दिसत असेल, तर पॅकेज त्यानेच विकलं हे तुम्हाला त्याच्याच कागदावरून मांडता येतं. मी तुमच्या जागी असते तर त्याला पाठवायच्या पत्रात हा मुद्दा सर्वांत वर घातला असता.

प्रवासविमा काढला असेल तर त्याचीही पॉलिसी आजच वाचा. बऱ्याच पॉलिसींत सामान हरवणं किंवा उशिरा येणं धरलेलं असतं, खराब होणं धरलेलं नसतं, आणि कधी कधी फक्त विमानाचंच सामान धरतात. तुमच्या पॉलिसीत नुकसान धरलेलं असेल तर विमा कंपनीलाही लगेच कळवा. तिने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला खर्च येत नाही.

कंपनीकडून व्हाउचर किंवा थोडी रक्कम देऊ करणारा मेल आला तर त्यात ‘फुल अँड फायनल’ हे शब्द आहेत का ते बघा. ते मान्य केले की पैठणीचा विषय तिथेच संपतो. रक्कम पटत नसेल तर तसं लिहून नाकारा आणि आपली मागणी पुन्हा द्या. मेलचा मसुदा इथे खाली टाकलात, नावं आणि क्रमांक झाकून, तर मी वाचून सांगेन.