ऑक्टोबरमध्ये खांडसहून भीमाशंकर चढायचंय. मुंबईकराला उकाडा झेपेल का, पाणी किती न्यावं?

झेपेल, पण शिडी घाटाच्या, म्हणजे कड्याला लावलेल्या शिड्यांच्या वाटेच्या, नादी लागू नका. गणेश घाट लांबचा आहे, तरी वाट सरळ आणि पायाखालची. पहिल्या कर्जत लोकलने निघा, पुढे काशेळेमार्गे खांडसला रिक्षा किंवा टमटम. नऊच्या आत चढाईला लागायचं.

खरी अडचण उन्हापेक्षा दमटपणाची. झाडीत सावली असते, पण वारा पडलेला. घाम येतो आणि वाळतच नाही. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता आल्याने नाही. म्हणून वेग कमी ठेवा. बोलताना धाप लागली की थांबा.

माणशी तीन लिटर पाणी हवंच, पण नुसतं पाणी नको. पहिल्या खेपेला मी तेच केलं आणि वाटेवरच्या पदरवाडीच्या अलीकडे दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. दगडावर बसून मित्राच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं चाटलं, तेव्हा कुठे उठलो! आता एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळून नेतो. चमचा चहाचा.

जीन्स घरी ठेवा. मांड्या सोलून निघतात. पटकन वाळणारी पँट, मांड्यांना खोबरेल तेल, मोज्यांचा जादा जोड.

कुणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, तर तो थकवा समजू नका. सावलीत झोपवा, कपडे ओले करून वारा घाला आणि लगेच मदत बोलवा. वर पोचल्यावर अभयारण्यात शेकरू दिसलं तर नशीब.