ग्वाल्हेरला मुलांना १८५७चा संग्राम कसा दाखवावा?

तुम्ही विचारलंय की पाचवी-सहावीची मुलं संग्रहालयात तलवारी बघतात आणि पुढे पळतात, मग लढाईत गेलेल्यांची आठवण त्यांच्यापर्यंत पोचवायची कशी. मी ग्वाल्हेरच्याच एका शाळेत इतिहास शिकवते. माझं स्पष्ट मत: आधी फूलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी, जयविलास राजवाड्याचं संग्रहालय नंतर.

समाधीपाशी राणीच्या शौर्यावर भाषण नको, ते मुलांना पाठ असतं. दामोदररावांबद्दल सांगा. जून १८५८ मध्ये राणीचा हा दत्तक मुलगा जेमतेम आठ वर्षांचा होता. आई गेल्यावर निष्ठावंत माणसांबरोबर रानोमाळ लपतछपत राहिला, पुढे इंदूरला वाढला आणि १९०६ मध्ये वारला. आपल्याहून लहान मुलगा म्हटल्यावर मुलं लक्ष देऊन ऐकतात.

एकदा एका मुलीने तिथेच विचारलं, ‘‘बाई, राणीला मारणाऱ्यांना शिक्षा झाली का?’’ नाही झाली. उलट १७ जूनच्या ज्या हल्ल्यात राणी पडल्या असं मानतात, त्यासाठी इंग्रजांच्या आठव्या हुसार घोडदळातल्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळालं. हे ऐकून मुलं चिडतात. चिडू द्या. मग विचारा, त्या चौघांच्या गावातल्या मुलांना शाळेत काय शिकवत असतील? वर्गात वर्षभर जे जमत नाही ते या प्रश्नाने होतं.

जवळच गंगादासांची बडी शाला, म्हणजे साधूंचा मठ आहे. राणीच्या देहाचं रक्षण करताना तिथले ७४५ साधू कामी आले, असं परंपरा सांगते. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, हेही मुलांना सांगा.

जयविलासमध्ये ‘शिंदे कुणाच्या बाजूने होते?’ हे कुणीतरी विचारणारच. इथल्या मराठी घरांत हा विषय नाजूक आहे, तरी टाळू नका. १ जूनला शिंद्यांची फौज फुटून बंडवाल्यांना मिळाली, महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला गेले, २० जूनला किल्ला इंग्रजांनी घेतला आणि जयाजीराव पुन्हा गादीवर आले. हा राजवाडा त्यांनीच १८७४ मध्ये बांधला. एवढं सरळ सांगून निवाडा मुलांवर सोडा. चांदीची आगगाडी आणि झुंबरं अगदी शेवटी दाखवा, नाहीतर बाकीचं ऐकायला कुणी थांबत नाही.

१७-१८ जूनला समाधीपाशी बलिदान मेळा असतो, गर्दीत मुलांशी बोलता येत नाही. हिवाळ्यात या.